सानू, ती किडनी कुणाची होती?

सानू, आपलं भांडण अर्ध्यात टाकून गेलीस. मी काही ते जिंकणार नव्हतो, तुझ्यापुढं मी कधी जिंकलोय? पण मिटवून तरी जायचं. आता दोन्ही बाजूंनी मीच बोलत बसतो, आधी तुझ्या बाजूनं, मग माझ्या. आणि खरं सांगू, दमलोय बाळा. मला वाटायचं दुःख म्हणजे छाती फुटेल, ओरडावंसं वाटेल. तसं फारसं काही होत नाही. नुसतं अंग जड झालंय. बूट घालायला बसलो की दुसरा पायात घालायचा राहूनच जातो.

तुझी आई बोलत नाही. बोलते ते एवढंच, "जेवा", "दार ओढून घ्या", "पाणी आलंय". माणसं येतात त्यांच्याशी मलाच बोलावं लागतं. गावाकडची येतात, फाउंड्रीतली येतात, तुझ्या वर्गातल्या मुली येऊन एकमेकींच्या ओढण्या धरून बसतात. मग कुणीतरी विचारतंच, "किडनी बसवली हुती नव्हं तिला? मग?"

हे 'मग' मला फार जड जातं. त्याचं उत्तर द्यायला तूच पाहिजे होतीस. मीना आत्या भेटायला आली होती तेव्हा पलंगावर मांडी घालून तिला किती झकास सांगितलं होतंस.

"आत्या, हात वर कर. केलास ना? तू सांगितलंस म्हणून दंडाचा स्नायू हलला. आता तुझ्या आतड्याला सांग, हलू नको."

आत्या तुझ्या तोंडाकडं बघतच राहिली.

"ऐकत नाही ना? आतड्याचा, रक्ताच्या नळ्यांचा स्नायू वेगळा असतो. आमच्या पुस्तकात त्याला अनैच्छिक म्हणतात. आपल्या तात्यांसारखा. कुणाचं ऐकत नाही, आपलं आपण चालत राहतो. तसल्या स्नायूच्या गाठी झाल्यात माझ्या लिव्हरमध्ये."

"लिव्हरमदी कुठला गं स्नायू?"

"रक्ताच्या नळ्या असतात की तिथं. त्यांच्या भिंतीचा."

"पर झाल्या कशानं?"

"एक विषाणू असतो. तुझ्याही अंगात असेल. लहानपणी बहुतेक सगळ्यांना होऊन जातो, सर्दीतापासारखा, आणि मग गप पडून राहतो. अंगातली प्रतिकारशक्ती त्याला डोकं वर काढू देत नाही. पण माझी प्रतिकारशक्ती गोळ्यांनी कमी करून ठेवली होती. नाहीतर तिनं पप्पांची किडनी परकी समजून मारली असती. मग काय, त्याला रान मोकळं."

"माज्याबी अंगात हाय म्हंतीस?" आत्या खरंच घाबरली होती. तू पोट धरून हसलीस. हसताना दुखायचं तुला तिथं, उजव्या बरगडीखाली, पण तू हसलीस. "तुला काय होत नाही गं. तू दणकट आहेस."

मला तसं सांगता येत नाही. मी म्हणतो, "गाठी झाल्या हुत्या." मग समोरचा मान हलवतो, कॅन्सर म्हणून मनात लिहून घेतो, आणि चहा पितो. मी दुरुस्त करत नाही. कुणाकुणाला दुरुस्त करू?

तुझ्या दोन्ही किडन्या जन्मापासूनच बारक्या होत्या. आम्हाला कळलं तू शाळेत जायला लागल्यावर. मी तेव्हा फौजेत, जम्मूकडं होतो, फोनवर आई सांगत होती आणि मला अर्धं ऐकू येत होतं. पेन्शन बसली तसा मी घरी आलो. गावात, औंधाच्या त्या उघड्या माळावर, तुला ठेवून चालणार नव्हतं. मिरजेला डायलिसिस जवळ पडावं म्हणून आपण कुपवाडला आलो, मी फाउंड्रीच्या गेटवर वॉचमन लागलो. तात्या मात्र मेंढरं सोडून आले नाहीत. "मी हितंच बरा. नातीला बरं वाटलं की घिऊन या," म्हणाले.

किडनी द्यायला पहिली तुझी आई उभी राहिली होती, हे तुला माहीत आहे. तिचा रक्तगट जुळला नाही, हेही माहीत आहे. पण तो रिपोर्ट आला त्या दिवशी ती पुण्याच्या हॉस्पिटलच्या जिन्यात बसून काय म्हणाली ते तुला कधी सांगितलं नाही आम्ही. म्हणाली, "नऊ म्हैने पोटात चाललं माजं रगत. आता चालत न्हाई व्हय?" मी शेजारी बसलो. माझा गट जुळत होता, आणि त्याचा आनंद चेहऱ्यावर येऊ नये म्हणून मी खाली बघत होतो.

ऑपरेशन झालं. मला शुद्ध आली तेव्हा कुशीत आग पडली होती आणि कुणीतरी बाई सांगत होत्या की तिकडं तुझी किडनी चालू झाली, पिशवी भरतीय. बाहेर तात्या होते. ते धोतर सावरत वऱ्हांड्यातून पळत सुटले आणि फोनवर अख्ख्या गावाला ओरडून सांगितलं, "पोरगी मुतली! आरं, आमची पोरगी मुतली!" हॉस्पिटलातली माणसं वळून बघायला लागली. एका डॉक्टरांनी तोंडाला रुमाल लावला. गावात त्या दिवशी पेढे वाटले. पुढं तू मोठी झाल्यावर ही गोष्ट निघाली की चिडायचीस. "तात्या, दुसरा शब्द नव्हता का?" आणि तात्या म्हणायचे, "दुसरा कंचा असतो गं? तूच सांग, तू शिकल्याली हायस."

मग तू पाणी प्यायला लागलीस. डायलिसिसच्या काळात तुला घोटाघोटानं पाणी द्यायचो आम्ही, ओठ ओले करायला बर्फाचा तुकडा. ते सगळं तू वसूल केलंस. तांब्या तोंडाला लावून, गळ्यावरनं ओघळ गेले तरी न थांबता. शाळेतनं आलीस की दप्तर पाठीवरच आणि तोंडाला तांब्या. आई म्हणायची, "आगं, बसून पी." मी फाउंड्रीच्या गेटवर असताना तू सायकलवरनं जायचीस, थांबायची नाहीस, नुसती घंटी वाजवायचीस. बरोबरचा माणूस म्हणायचा, "गड्या, तुजी पोरगी गेली बघ." मी म्हणायचो, "बघितली." ती वर्षं चांगली गेली, सानू. आता मागं वळून बघताना मला फक्त शेवट दिसतो, म्हणून मुद्दाम आठवून ठेवतोय.

भांडणं तेव्हाही होतीच. सगळ्यात मोठं मेंढरांवरनं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जनावरांजवळ जायचं नाही, धुळीत बसायचं नाही, जत्रेत जायचं नाही. गावी गेलो की तात्या मेंढरांभोवती लावलेल्या वाघरीच्या जाळीत, आणि तू लांब, लिंबाखाली, तोंडाला मास्क लावून. तात्या नवं कोकरू उचलून तुला दाखवायचे. "ह्येला तुजं नाव ठेवलंय," असं प्रत्येक कोकराला म्हणायचे. एकदा तू मास्क काढलास आणि सरळ चालत निघालीस. मी दंड धरला. तू म्हणालीस, "मला वाचवलंय कशाला? कपाटात ठेवायला?"

मी हात सोडला नाही. तू परत आलीस. येताना खिडकीकडं तोंड करून बसलीस.



दहावीच्या वर्षी पोट दुखायला लागलं. आधी वाटलं अभ्यासाचं टेन्शन. मिरजेला सोनोग्राफी केली तर तो डॉक्टर पडद्याकडं बघतच राहिला आणि त्यानं अजून एकाला बोलावलं. लिव्हरमध्ये गाठी, एक मोठी आणि बाकी बारक्या. पुण्याला तुकडा काढून तपासायला दिला. तो निकाल येईपर्यंत तुझी आई देवाला काय काय बोलली असेल ते तिलाच ठाऊक. औंधाच्या यमाईला मात्र ती तेव्हा गेली नाही. म्हणाली, "आता मागायला तोंड न्हाई. एकदा मागितलं, दिलं तिनं."

निकाल आला तेव्हा पुण्याच्या डॉक्टर मॅडमनी आपल्याला तिघांना बसवलं. नाव सांगितलं. नीट समजावलं, तू आत्याला सांगितलंस त्याच शब्दांत बरंचसं. आणि एक गोष्ट त्यांनी लपवली नाही, ते मला आवडलं. म्हणाल्या, "अशी मुलं फार थोडी असतात. मी स्वतः फार पाहिलेली नाहीत. त्यामुळं अमुक केलं की तमुक होईल, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. मोठी गाठ काढता येईल. बाकीच्यांसाठी प्रतिकारशक्ती परत वर आणावी लागेल, म्हणजे गोळ्या कमी करायच्या. पण गोळ्या कमी केल्या तर किडनीला धोका आहे."

मी लगेच म्हणालो, "बंद करा गोळ्या. जाऊ द्या किडनी."

तू म्हणालीस, "नाही."

मॅडम तुझ्याकडं बघायला लागल्या. तू फाइल मिटलीस, आणि मला कळलं की आता एसटीत माझं काही खरं नाही.

साताऱ्याच्या स्टँडवर गाडी थांबली होती. आई खाली उतरून तोंड धुवायला गेली. खिडकीतनं ऊन येत होतं आणि फेरीवाला पेरू विकत होता. तू सुरुवात केलीस.

"मला न विचारता कसं म्हणालात, जाऊ द्या म्हणून?"

"मग काय म्हनू? तू ऱ्हायली पायजेस. किडनीचं काय एवढं? परत डायलिसिस करू."

"डायलिसिस तुम्ही नाही, मी करणार. सुया तुम्हाला टोचत नाहीत. तहान तुम्हाला लागत नाही. आणि तुमची किडनी मी अशी टाकून देऊ? तुम्ही कापून दिलीत ती?"

"सानू, ती आता माजी न्हाई. ती तुजी हाय."

"माझी आहे?"

"तुजीच की."

"मग माझी असेल तर मी ठरवणार ना?"

पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाई वळून म्हणाल्या, "बापाला असं बोलू ने गं पोरी." तू त्यांना हात जोडलेस. "आज्जी, आमचं जरा महत्त्वाचं चाललंय." आजी पुन्हा पुढं बघायला लागल्या, पण मला दिसत होतं, कान मागं होते त्यांचे.

मी पेरू घेतला. तू सवयीनं म्हणालीस, "धुतल्याशिवाय नाही खायचा मी." मग आपण दोघंही हसलो आणि आई आली तेव्हा तिला वाटलं, चला, पोरगी शांत झाली.

शेवटी मॅडमनी मधला मार्ग काढला. मोठी गाठ काढली. गोळ्या बंद नाही, पण कमी केल्या, एक बदलली. दर वेळी रक्त तपासायचं, किडनी बघायची, लिव्हर बघायचं. एकीकडं चांगलं निघालं की दुसरीकडं बिघडलेलं असायचं. तू दहावीची परीक्षा दिलीस. पोटावर टाके, वर्गात बसायला उशी, आणि मार्क माझ्या कल्पनेपेक्षा चांगले. अकरावीला सायन्स घ्यायचं म्हणून अडून बसलीस. मी म्हटलं, जरा सोपं घे. तर म्हणालीस, "सोपं घेऊन काय करू? मला माझे रिपोर्ट वाचता आले पाहिजेत."

आणि मग पाय. आधी चप्पल निसटायची. तू हसण्यावारी नेलंस. मग जिना चढताना भिंत धरायला लागलीस. मणक्याजवळ एक गाठ सापडली, तीही त्याच जातीची. मॅडमनी सांगितलं की ही लिव्हरमधनं पसरलेली असेलच असं नाही, या गाठी अंगात वेगवेगळ्या ठिकाणी आपल्या आपणही उगवतात. मला त्यानं काय बरं वाटणार होतं? पण तू लक्ष देऊन ऐकत होतीस, प्रश्न विचारत होतीस. वॉर्डात आल्यावर तू आईला केस विंचरायला लावलेस आणि माझ्याकडं न बघता म्हणालीस,

"पप्पा, आता बंद करूया गोळ्या. कमी नाही. बंद."

मी सारखा हेच म्हणत आलो होतो ना? साताऱ्याच्या स्टँडपासून हेच म्हणत आलो होतो. आणि त्या क्षणी माझ्या तोंडून निघालं, "बघू."

तू वळलीस. "आता का बघू?"

मी काहीतरी बोललो, मॅडमना विचारू वगैरे. पण आज तुला सांगतो, तेव्हा जे बोललो नाही ते. ती किडनी चालू होती तोवर मी तुझ्यासाठी काहीतरी करत होतो. गेटवर उभा असताना, जेवताना, झोपेतसुद्धा. माझ्याकडं दुसरं काही नव्हतं गं. मला तुझी पुस्तकं कळत नव्हती, रिपोर्ट कळत नव्हते. ती बंद पडली की मी नुसता बाप उरणार होतो, हॉस्पिटलच्या बाकावर बसलेला. तू बरोबर बोलत होतीस आणि माझी जीभ उचलत नव्हती.

तुला ते कळलं असणार. तुला सगळं कळायचं. तू म्हणालीस, "तुम्ही आधी म्हणत होतात म्हणून मी म्हणत नाही हं. माझं मी ठरवलंय. आणि ती माझी होती, हे आता तरी कबूल करा. नुसतं तोंडानं नाही, मनापासून."

मी म्हणालो, "तू बरी हो, मग करतो."

"लेखी द्या," म्हणालीस आणि आईचा हात ढकलून वेणी सोडलीस, कारण घट्ट झाली होती.

गोळ्या बंद झाल्या. किडनी हळूहळू गेली, जशी जायची तशी. तुझ्या मानेजवळ नळी बसवली आणि मिरजेचं डायलिसिस पुन्हा सुरू झालं. तांब्या आईनं फडताळात वर ठेवून दिला. बर्फ चघळताना फक्त डोळे मिटायचीस. पण पायांत जोर यायला लागला, हेही खरं आहे. मणक्याची गाठ आकसली. मॅडम फोटो बघून खूश झाल्या, पहिल्यांदाच त्यांना इतकं खूश बघितलं. तू विचारलंस, "म्हणजे माझी प्रतिकारशक्ती परत आली?" त्या म्हणाल्या, "येतेय." तू लगेच म्हणालीस, "मग मी मेंढरांत जाऊ?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी तुझ्याकडं हात केला. शिकलो होतो तोवर. त्या म्हणाल्या, "नळी झाकून ठेवायची. हात धुवायचे. जा."

त्या वर्षी तात्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, इस्लामपूरच्या बाजूला एका उसाच्या तोडलेल्या फडात बसला होता. मी तुला गाडीवर मागं बसवून नेलं. तात्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी लांबून बघितलं, काठी टाकली आणि उभेच राहिले. तू बांधावर बसलीस. त्यांनी एक काळं कोकरू आणून तुझ्या मांडीवर ठेवलं. ते तुझी ओढणी चघळायला लागलं. तू त्याच्या मानेत नाक खुपसलंस आणि म्हणालीस, "तात्या, केवढा वास येतो याला!"

"मग? आत्तर लावू व्हय तेला?"

तू रडत होतीस का हसत होतीस मला कळलं नाही. मी गाडीची चावी फिरवत उभा होतो. किती वेळ बसलीस. तात्यांनी चुलीवर भाकरी केली, तू अर्धी खाल्लीस. परतताना माझ्या पाठीला डोकं टेकून म्हणालीस, "पप्पा, चांगलं झालं ना?" मी म्हटलं, "लय चांगलं झालं."

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी नळीतनं रक्तात जंतू गेले. थंडी वाजून ताप, दोन दिवसांत आयसीयू. गाठींनी नाही नेलं तुला. ज्यांच्याशी एवढं लढलो त्यांनी नाही नेलं. हे मी लोकांना सांगत नाही. त्यांना एका गोष्टीतच सगळं बसवायचं असतं.

पण काही जण पुटपुटलेच, मेंढरांत नेली होती ना, तिथनंच काहीतरी लागलं असणार. ते तात्यांच्या कानावर गेलं. त्यांनी अन्न सोडलं. मी मॅडमना फोन करून स्पष्ट विचारलं. त्या म्हणाल्या, "रक्तात सापडला तो जंतू माणसाच्या कातडीवरच असतो. डायलिसिसच्या नळीला हा धोका असतोच. मेंढरांचा संबंध नाही." मी तसाच गावी गेलो आणि तात्यांच्या समोर बसलो.

"तात्या, मॅडमनी सांगितलंय. मेंढराचं काय न्हाई."

त्यांनी वर बघितलं. "खरं सांगतुयास? का मला बरं वाटावं म्हनून?"

"तुमच्या पोटचा हाय मी. खरं सांगतोय."

मग त्यांनी भाकरीचा तुकडा तोंडात टाकला, आणि तो चावता चावता त्यांचं तोंड वाकडं झालं. मी तिथून उठलो नाही.

परवा मंगल आली होती. आठवते ना, इस्लामपूरची, तनुजाची आई. डायलिसिसला तुझ्या शेजारच्या खाटेवर असायची ती तनुजा, तू तिला गणितं समजावून द्यायचीस. मंगल पिशवीत केळी घेऊन आली होती, आणि बसल्यावर किती तरी वेळ पिशवीचे बंद नुसती पिळत राहिली. शेवटी म्हणाली,

"दादा, म्हैन्याभरात आमचं ऑपरेशन हाय. मीच देनार. पर सानूचं आयकल्यापासनं घरात ह्यो इषय निघाला की मालक उठून जात्यात. म्हंत्यात, त्यांनी दिली, तर काय झालं? तुमीच सांगा. देऊ का नको?"

मी आईकडं बघितलं. ती आत ओट्यापाशी होती, पाठ करून.

माझ्याकडं डॉक्टरकीचं काही नव्हतं, आणि मोठं बोलायची ताकद नव्हती. मी म्हटलं, असल्या गाठी फार थोड्यांना होतात, डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, विषाणूवर लक्ष ठेवतात का ते. मग मी तिला तू पाणी कशी प्यायचीस ते सांगितलं. सायकलची घंटी सांगितली. तात्यांनी वऱ्हांड्यात काय आरडाओरडा केला तेही सांगितलं, आणि मंगल पदर तोंडाला लावून हसली. दहावीचे मार्क सांगितले. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी एवढं सलग तू गेल्यापासून बोललोच नव्हतो.

"द्या," म्हणालो मी. "आमच्या सानूला जी वर्षं मिळाली ती मिळाली. ती कुनी काढून घितली न्हाईत. पर एक सांगतो. दिली की ती तनुजाची. तुमचं तिच्यावर काय न्हाई मग. ती हट्ट करंल, भांडंल, नगं म्हनंल, तरीबी तिचीच. माजी मी कवा सोडलीच न्हवती. पोरगी सांगून सांगून दमली."

घे. लेखी मागत होतीस ना? चार माणसांत बोललो, ते धरून चाल.

मंगलनं पिशवी खाली ठेवली. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "आनि दादा, परत तशीच येळ आली, तर द्याल तुमी?"

"मला आता कुटं देता येतीया? एकच ऱ्हायलीया."

"मी दीन."

आई दारात येऊन उभी होती. हातात चहाचं भांडं, चिमट्यात धरलेलं. इतक्या दिवसांत तिचा आवाज असा मोकळा ऐकला नव्हता मी.

"मी दीन," ती पुन्हा म्हणाली. "माज्या दोनीबी हायत."

मंगलनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी सरकून आईला बसायला जागा केली. रक्तगटाचं कुणीच काही बोललं नाही.